मायक्रोवेव्ह ओव्हन : समज, गैरसमज आणि सुरक्षित वापर

घरातील चुलीची जागा प्रथम रॉकेलच्या स्टोव्हने आणि पुढे गॅसच्या शेगडीने घेतली, तेव्हा स्वयंपाकाचे साधन बदलले. स्वयंपाकाचे तत्त्व मात्र बदलले नाही. खाली जाळ, त्यावर भांडे आणि भांड्यात अन्न हा क्रम कायम राहिला. पिढ्यान्‌पिढ्या हाताला आणि डोळ्यांना जे वळण लागले होते, ते नव्या शेगडीवरही उपयोगी पडले. भांडे तापले की हात आपोआप मागे येतो, दूध वर येऊ लागले की आच कमी केली जाते, करपल्याचा वास आला की घरातील कोणीतरी धावत येते. मायक्रोवेव्ह ओव्हनपुढे हे वळण अपुरे पडते. त्यात जाळ दिसत नाही. भांडे पुष्कळदा कोमटच असते आणि आतील पदार्थ मात्र वाफाळलेला असतो. किंवा याच्या उलट, कडेने वाफा येत असतात आणि मधला घास थंडगार राहिलेला असतो.

शहरांतील घरांप्रमाणेच आता तालुक्याच्या गावांतील घरांतून, वसतिगृहांतून आणि कार्यालयांच्या उपाहारगृहांतूनही हे उपकरण दिसू लागले आहे. त्याच्याविषयी दोन टोकांच्या समजुती प्रचलित आहेत. एक समजूत अशी की, हे 'किरणांचे यंत्र' असून त्यात शिजलेले अन्न विषारी किंवा किरणोत्सर्गी होते. दुसरी समजूत अशी की, बटण दाबून घंटी वाजेपर्यंत थांबले म्हणजे अन्न आपोआप निर्जंतुक होऊन हाती येते. पहिल्या समजुतीमुळे विनाकारण भीती निर्माण होते. दुसरीमुळे मात्र माणसे खरोखर आजारी पडतात आणि भाजतात. म्हणून या दोहोंपैकी दुसरी समजूत दूर करणे अधिक निकडीचे आहे. त्यासाठी या उपकरणात नेमके काय घडते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

रडारमधून स्वयंपाकघरात

या उपकरणाचा जन्म युद्धाच्या धामधुमीत झाला. शत्रूच्या विमानांचा वेध घेणाऱ्या रडारसाठी अत्यंत सूक्ष्म लांबीचे व भरपूर शक्तीचे विद्युत्‌चुंबकीय तरंग हवे होते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट या दोन शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये पोकळ्यांच्या रचनेचा मॅग्नेट्रॉन तयार केला आणि ही गरज भागली. अमेरिकेतील रेथिऑन या कंपनीत अशा मॅग्नेट्रॉनची निर्मिती होत असे. तेथील अभियंता पर्सी स्पेन्सर हा चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातील गोड वडी वितळली, असे सांगितले जाते. त्याने त्यानंतर मक्याचे दाणे जवळ ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या लाह्या फुटल्या. अन्न तापविण्याच्या या पद्धतीच्या एकस्वासाठी त्याने ऑक्टोबर १९४५ मध्ये अर्ज केला. स्पेन्सरचे शालेय शिक्षण बालवयातच सुटले होते, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

१९४७ च्या सुमारास बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. तो हॉटेले आणि जहाजे यांच्यासाठीच होता. ओट्यावर ठेवता येईल असा घरगुती ओव्हन अमेरिकेत १९६७ मध्ये ४९५ डॉलरना विक्रीस आला. या तरंगांच्या शास्त्राशी भारताचा संबंध मात्र त्याहून फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात काही मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण करून त्यांवर प्रयोग केले होते. मुंबईत पवई येथे १९८४ पासून 'समीर' ही संस्था सूक्ष्मतरंगांच्या उपयोजनावर संशोधन करीत आली आहे.

तरंग अन्न कसे तापवितात?

घरगुती ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन दर सेकंदाला २४५ कोटी आवर्तनांचे, म्हणजे २,४५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग निर्माण करतो. त्यांची लांबी साधारणतः १२.२ सेंटिमीटर असते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन भाराचे व दुसरे ऋण भाराचे असते. विद्युत्‌क्षेत्राची दिशा बदलली की हे रेणू तिच्याप्रमाणे वळू पाहतात. ती पुन्हा उलटली की पुन्हा वळू पाहतात. क्षेत्राच्या वेगाबरोबर त्यांना राहता येत नाही, शेजारच्या रेणूंशी त्यांची ओढाताण होते आणि या धडपडीतून उष्णता उत्पन्न होते. म्हणजे येथे उष्णता बाहेरून आत येत नाही. ती अन्नाच्या स्वतःच्या अंगात निर्माण होते. काच, चिनी माती व कागद यांतून हे तरंग आरपार जातात. धातूवरून ते आरशावरच्या प्रकाशासारखे परत फिरतात. पाणी, आणि काही प्रमाणात स्निग्ध पदार्थ व साखर, त्यांना शोषून घेतात.

हे तरंग पदार्थ 'आतून बाहेर' शिजवितात, असे पुष्कळदा ऐकू येते. ते खरे नाही. ओलसर पदार्थात ते पृष्ठभागापासून दोनतीन सेंटिमीटरपर्यंतच प्रभावीपणे पोहोचतात. त्याच्या आतील भाग, शेगडीवरच्याप्रमाणेच, बाहेरून झिरपत येणाऱ्या उष्णतेने तापतो आणि त्याला वेळ लागतो. खोल पातेल्यातील खिचडी कडेने चटके देणारी आणि मध्ये गार असते, याचे कारण हेच होय.

याखेरीज आणखी एक गोष्ट घडते. ओव्हनच्या धातूच्या भिंतींवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात. त्यामुळे आत काही ठिकाणी त्यांचा जोर फार वाढतो आणि काही ठिकाणी तो जवळजवळ नाहीसा होतो. जोराच्या अशा दोन शेजारच्या जागांमधील अंतर ढोबळमानाने तरंगाच्या निम्म्या लांबीइतके, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. ताटली फिरती ठेवलेली असते ती यासाठीच. तथापि फिरत्या ताटलीचा मध्यबिंदू फिरत नाही. एखादी वाटी बरोबर मध्यभागी ठेवल्यास फिरण्याचा लाभ तिला फारसा मिळत नाही. ती थोडी बाजूला ठेवणे इष्ट होय.

माध्यमिक शाळेत हा विषय शिकविताना उडदाचा पापड हे उत्तम साधन ठरते. फिरती ताटली व तिचे कडे काढून घ्यावे, मधल्या दांड्यावर एक चिनी मातीची बशी पालथी घालावी आणि तिच्यावर सपाट ताटलीत पापड ठेवून पंधरावीस सेकंद ओव्हन चालवावा. पापड सर्वत्र सारखा भाजत नाही; त्यावर फुललेले पांढरे ठिपके उमटतात. शेजारच्या ठिपक्यांमधील अंतरे तीनचार ठिकाणी मोजून त्यांची सरासरी काढावी, तिची दुप्पट करावी आणि ओव्हनच्या मागील पाटीवर छापलेल्या कंप्रतेने तिला गुणावे. गुणाकार प्रकाशाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटरच्या, पुष्कळ जवळ येतो. प्रयोगाच्या वेळी शिक्षकाने शेजारीच उभे राहावे. पापड काही क्षणांत जळू शकतो.

भीती कोठे रास्त, कोठे गैर

'रेडिएशन' हा शब्द एकच असला, तरी त्याच्या पोटात अगदी भिन्न गोष्टी येतात. क्ष-किरण अथवा गॅमा किरण यांच्या अंगी रेणूंची मोडतोड करण्याइतकी शक्ती असते. सूक्ष्मतरंग हे रेडिओ तरंगांच्या कुळातील असून दृश्य प्रकाशापेक्षाही त्यांच्या एकेका पुंजाची शक्ती पुष्कळ कमी असते. ते अन्न तापवितात. त्याला किरणोत्सर्गी करू शकत नाहीत. ओव्हन बंद झाला की दिवा मालवल्यावर प्रकाश उरत नाही, त्याप्रमाणे आत तरंग उरत नाहीत. पोषणद्रव्यांचे म्हणाल, तर थोड्या पाण्यात व थोड्या वेळात शिजलेल्या भाजीतील क जीवनसत्त्व भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलेल्या भाजीपेक्षा अधिक टिकते.

तरंग बाहेर पडू नयेत म्हणून ओव्हनच्या दाराच्या काचेत बारीक छिद्रांची धातूची जाळी बसविलेली असते. छिद्रांचा आकार तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्यामुळे प्रकाश बाहेर येतो, परंतु तरंग अडतात. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद पाडणाऱ्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या किमान दोन कळा आत असतात. पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरमागे पाच मिलिवॉट ही गळतीची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत घालून देण्यात आली आहे. अंतर वाढेल तशी गळती झपाट्याने क्षीण होते. अर्ध्या मीटरवर ती पाच सेंटिमीटरवरील प्रमाणाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास येते. भारतात मायक्रोवेव्ह ओव्हनसाठी भारतीय मानक ब्यूरोचे स्वतंत्र सुरक्षा मानक असून २०१२ च्या केंद्रीय आदेशापासून त्याची नोंदणी सक्तीची झाली आहे. खरेदीच्या वेळी ब्यूरोचे नोंदणीचिन्ह व 'आर' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्यावा. अनोळखी विक्रेत्याकडील स्वस्त माल या कसोटीवर टिकतोच असे नाही.

बंद ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून त्यावर दूरध्वनी लावावयाचा, आणि घंटी वाजली तर ओव्हन 'गळका' ठरवावयाचा, अशी एक परीक्षा सांगितली जाते. तीत तथ्य नाही. मोबाइल अत्यंत क्षीण संदेशही पकडू शकतो आणि त्याची कंप्रताही बहुधा वेगळी असते. त्यापेक्षा दार तपासणे उपयोगाचे. दार नीट मिटत नसेल, बिजागरी सैल झाली असेल, जाळी फाटली असेल किंवा कडेला गंज चढला असेल, तर ओव्हन वापरणे थांबवावे. दाराच्या कडांवर अन्नाचे कण व तेलकट थर साचू देऊ नये. पुसण्याचे फडके दारात अडकवून ठेवण्याची सवय अनेक घरांत दिसते, तीही मोडावी. डोळ्याच्या भिंगात रक्तप्रवाह नसल्यामुळे त्याला उष्णता सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. म्हणून बिघडलेल्या दाराशी तोंड लावून आत डोकावणे मुळीच योग्य नव्हे.

शिळा भात

आता खऱ्या धोक्याकडे वळू. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकण्याची रीत आहे आणि ओव्हन आल्यापासून तो नुसता 'गरम करून घेणे' आणखी सोपे झाले आहे. तांदळात बॅसिलस सीरिअस या जिवाणूची बीजाणुरूपे असू शकतात आणि भात शिजविताना ती मरत नाहीत. शिजलेला ओलसर भात उबदार हवेत ओट्यावर राहिला की बीजाणूंतून जिवाणू बाहेर पडतात, वाढतात आणि त्यांच्यापैकी काही जाती वांत्या घडविणारे विष भातात सोडतात. हे विष १२१ अंश सेल्सिअस तापमानातही दीड तास टिकते. म्हणजे भात कितीही वाफाळेपर्यंत तापविला, तरी तयार झालेले विष नाहीसे होत नाही. भाताला वास येत नाही, तार सुटत नाही, चवही बदलत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मळमळ व वांत्या सुरू होतात. लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत अशा आजारातून शरीरातील पाणी घटण्याचा धोका मोठा असतो.

तेव्हा भाताची सुरक्षितता सकाळी ओव्हनमध्ये ठरत नाही. ती आदल्या रात्री ठरते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानाच्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. उरलेले अन्न या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितके बरे. भात परातीत पसरून लवकर निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. खोल डब्यात गच्च भरून ठेवलेला भात शीतकपाटातही मधून कित्येक तास उबदार राहतो, म्हणून उथळ डबे वापरावेत. ज्या घरी शीतकपाट नाही किंवा वीज रात्रभर जाते, तेथे मोजकाच भात टाकणे हा एकच खात्रीचा उपाय होय. मटण, कोंबडी, दाट आमटी व दुधाचे पदार्थ यांनाही दोन तासांचा नियम लागू पडतो.

शीतकपाटातील अन्न पुन्हा तापविताना ते सर्वत्र किमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले पाहिजे. तापमापक घरी नसतो. परंतु सगळीकडून वाफ निघत आहे आणि मधला घास जिभेला सोसवणार नाही इतका ऊन आहे, एवढे तरी पाहता येते. त्यासाठी पदार्थ उथळ व शक्यतो गोल भांड्यात पसरावा, कारण चौकोनी भांड्याचे कोपरे अगोदर तापून करपतात. वर सैल झाकण ठेवावे, म्हणजे वाफ कोंडून पदार्थ सारखा तापतो. निम्मा वेळ झाला की ओव्हन थांबवून तळापासून ढवळावे. ढवळता न येणारे पदार्थ, उदाहरणार्थ बटाटे किंवा इडल्या, मध्ये जागा सोडून कडेने वर्तुळात मांडावेत. घंटी वाजल्यावर भांडे दोनतीन मिनिटे तसेच झाकून ठेवावे. हा थांबण्याचा वेळ फुकट जात नाही. तेवढ्यात बाहेरची उष्णता आत पोहोचते. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. एकदा तापविलेले उरले, तर ते पुन्हा ठेवू नये.

गोठविलेल्या अन्नाबाबत आणखी सावध राहावे लागते. बर्फातील रेणू जखडलेले असल्यामुळे बर्फ सूक्ष्मतरंग फारसे शोषत नाही. जो भाग प्रथम वितळून पाणी होतो तो मात्र भराभर तापतो. परिणामी मांसाची एक बाजू शिजू लागते आणि दुसरी दगडासारखी राहते. ओव्हनमधील वितळविण्याची व्यवस्था मॅग्नेट्रॉन थांबत थांबत चालविते, ती यासाठी. असे वितळविलेले मांस तसेच बाजूला न ठेवता लगेच शिजवावे.

बाळाचे दूध

ज्या घरात तान्हे मूल आहे, तेथे एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा : बाळाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. बाटलीचे बाहेरचे अंग हाताला कोमट लागते, पण आतील दुधात कोठे कोठे फार ऊन भाग तयार झालेले असतात आणि पहिल्याच घोटात बाळाचे तोंड व घसा पोळतो. मूल सांगू शकत नाही. ते फक्त रडते, आणि भुकेने रडते आहे असे समजून त्याला आणखी दूध दिले जाते. काढून ठेवलेले आईचे दूध असो की पावडरचे असो, बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करावी, हलवावी आणि थेंब मनगटाच्या आतील बाजूस टाकून पाहावा. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी नव्या मातांशी बोलताना या गोष्टीचा उल्लेख करणे उपयुक्त ठरेल.

उसळणारे पाणी, फुटणारे अंडे

गुळगुळीत पेल्यात नुसते पाणी ठेवून ते बराच वेळ तापविले, तर कधी कधी ते उकळीच्या तापमानापलीकडे जाते, तरी त्यात बुडबुडे येत नाहीत. शेगडीवर भांड्याचा तळ अधिक तापलेला असतो आणि तेथून बुडबुड्यांना सुरुवात मिळते. ओव्हनमध्ये तशी जागा मिळत नाही. असे शांत दिसणारे पाणी पेला हलविताच, किंवा त्यात चहापूड, कॉफी अथवा साखर पडताच, एकदम उसळून हातावर व तोंडावर येते. पाणी तापविण्यापूर्वीच त्यात लाकडी चमचा ठेवावा, पाकिटावर सांगितलेल्यापेक्षा अधिक वेळ तापवू नये, एकदा तापलेले पाणी न हलविता दुसऱ्यांदा तापवू नये आणि ओव्हन थांबल्यावर अर्धा मिनिट धीर धरावा. खरे पाहता, चार माणसांच्या चहाचे आधण गॅसवर ठेवणेच सोयीचे आणि निर्धोक आहे.

ज्याला कवच किंवा घट्ट साल आहे, त्यात वाफ कोंडते. कवचासह अंडे ओव्हनमध्ये ठेवू नये. उकडून सोललेले अंडेही अखंड तापवू नये. ते आत फुटले नाही तरी बाहेर काढल्यावर दाताखाली फुटू शकते. बटाटा, रताळे व भरताचे वांगे यांना काट्याने चारसहा ठिकाणी टोचे मारावेत. घट्ट झाकणाचा डबा किंवा बरणी तशीच ठेवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे होय.

पापड, शेंगदाणे, रवा यांसारखे कोरडे जिन्नस भाजण्यासाठी या ओव्हनचा मराठी घरांत मोठा उपयोग होतो आणि तो गैर नाही. मात्र त्यांत पाणी थोडे असते. ते संपले की तापमान वेगाने चढते आणि शेंगदाणे बाहेरून कच्चे वाटत असता आतून जळालेले निघतात. अशा वेळी अर्ध्या-एक मिनिटाचे हप्ते घेऊन, दर वेळी हलवून, नजरेसमोर भाजावे. ओव्हन लावून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. आत जाळ दिसलाच, तर दार उघडू नये. ओव्हन बंद करून भिंतीवरील बटण बंद करावे, म्हणजे हवेअभावी आग विझते. तळण आणि फोडणी या ओव्हनमध्ये करूच नये, कारण तेलाचे तापमान ताब्यात ठेवण्याची सोय त्यात नाही.

कोणते भांडे चालेल?

मराठी स्वयंपाकघर हे स्टीलच्या भांड्यांचे, आणि अडचण नेमकी तेथेच येते. स्टीलच्या डब्यातील अन्नापर्यंत तरंग नीट पोहोचत नाहीत आणि धातूच्या कडांवर ठिणग्या उडतात. सोनेरी किनारीची कपबशी, ॲल्युमिनियमचा पातळ कागद, चिमट्याची तार या सर्वांना हाच नियम लागू आहे. साधी काच उष्णतेच्या अचानक बदलाने तडकते. उष्णतारोधक काच किंवा चकाकी दिलेली साधी चिनी माती उत्तम. मेलामाइनच्या ताटल्या स्वतःच तापतात आणि त्यांतील द्रव्ये अन्नात उतरू शकतात. प्लॅस्टिकपैकी मायक्रोवेव्हसाठी योग्य असल्याची खूण असलेलेच वापरावे, आणि तेलकट वा गोड पदार्थांसाठी तेही टाळलेले बरे, कारण असे पदार्थ पाण्याहून अधिक तापतात. हॉटेलातून पार्सल येते ते पातळ डबे, आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि छापील वर्तमानपत्र यांना ओव्हनमध्ये स्थान नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक ओव्हनमध्ये सूक्ष्मतरंगांबरोबर गरम हवेची व ग्रिलची सोय असते. या तिन्हींचे नियम निराळे आहेत. केकचे धातूचे भांडे गरम हवेच्या पद्धतीत चालते, सूक्ष्मतरंगांत चालत नाही. प्लॅस्टिकचा डबा सूक्ष्मतरंगांत चालेल, पण गरम हवेत तो वितळेल. घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना व मदतनिसांना, बटणांतील हा फरक प्रत्यक्ष दाखवून द्यावा.

वीज, दुरुस्ती आणि भंगार

अन्नाला ८०० वॉट देणारा ओव्हन भिंतीतून त्याच्या दीडपट किंवा त्याहून थोडी अधिक वीज ओढतो. म्हणून त्याला अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. लांबवलेली वायर किंवा पंख्याच्या सॉकेटला जोडलेला अडॅप्टर नको. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेची असते, मागे तार जोडलेलीच नसते. ती तपासून घेतल्याशिवाय ओव्हन लावू नये. मागे व बाजूंना हवा खेळण्यास जागा ठेवावी. आत काहीही न ठेवता तो चालवू नये. मुंग्या व झुरळे यांना आतील उबेचे आकर्षण असते, म्हणून आतील सांडलवंड वेळीच पुसावी. वाटीभर पाण्यात लिंबाची फोड टाकून दोनतीन मिनिटे वाफ धरली, की चिकटलेले सहज निघते.

विजेचा दाब कमी असला की ओव्हनचा जोर उतरतो आणि पाकिटावरील वेळ पुरत नाही. आपल्या ओव्हनचा खरा जोर घरीच मोजता येतो. एक लिटर पाण्याचे तापमान तापमापकाने घ्यावे, दोन मिनिटे ओव्हन पूर्ण शक्तीवर चालवावा, पाणी ढवळून पुन्हा तापमान घ्यावे आणि वाढलेल्या अंशांना ३५ ने गुणावे. उत्तर वॉटमध्ये मिळते. तापमान २३ अंशांनी वाढले, तर ओव्हन सुमारे ८०० वॉटचा आहे. १६ अंशच वाढले, तर तो ५६० वॉट देत आहे आणि तापविण्याचा वेळ त्या मानाने वाढविला पाहिजे.

ओव्हनची दुरुस्ती घरी करणे जिवावर बेतू शकते. आतील रोहित्र घरगुती विजेचा दाब सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत चढविते आणि त्याला जोडलेले धारित्र वायर काढल्यानंतरही भार धरून ठेवू शकते. रेडिओ किंवा पंखा दुरुस्त करणाऱ्या हौशी हातांनाही या धारित्राचा अनुभव नसतो. दाराच्या सुरक्षा-कळा जोडतारेने 'बायपास' करून ओव्हन चालू करून देण्याचा प्रकार तर कोणाकडूनही, कितीही स्वस्तात, करवून घेऊ नये. उत्पादकाच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्राकडेच तो न्यावा.

निकामी ओव्हन भंगारात गेला तरी हा धोका संपत नाही. तांब्यासाठी रोहित्र काढणारी मुले उघड्या धारित्राजवळ बसलेली असतात. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असे विद्युत्‌ साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जावयास हवे. ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी कचरा संकलनाच्या वेळी मायक्रोवेव्ह ओव्हन वेगळा ठेवावा, त्याची वायर मुळाशी कापून टाकावी आणि तो न उघडता तसाच पुढे पाठवावा.